विचारून गाणारे याप आजोबा

आमच्या आणि याप आजोबांच्या घरात एकच भिंत. इथे डच लोकांच्या देशात, आल्मेरेला राहायला आलो तेव्हा पहिले पंधरा दिवस मला वाटायचं, शेजारी कुणीतरी रोज भांडतंय. एकच वाक्य, त्याच सुरात. मध्येच थांबायचं, काहीतरी पुटपुटल्यासारखं व्हायचं, की पुन्हा तेच वाक्य पहिल्यापासून. संदीप, म्हणजे माझे मिस्टर, पहाटेच विमानतळाकडच्या गोदामात जायचे. तिथल्या सामान वाहणाऱ्या पट्ट्यांची देखभाल त्यांच्याकडे. घरात मी आणि दोन वर्षांची इरा. मी तिला घेऊन भिंतीपासून सगळ्यात लांबच्या खोलीत बसून राहायची.

एक दिवस बेल वाजली. बेलची मला तेव्हा भीतीच होती. दार उघडलं तर समोरचा माणूस काहीतरी विचारणार, आणि आपल्याला उत्तर द्यावं लागणार. मी श्वास धरून दारामागे उभी. थोड्या वेळाने पत्रं टाकायच्या फटीतून एक कागद आत पडला. मोठ्या अक्षरांत सोपं इंग्रजी होतं : मी गाणी लिहितो. ओळ नीट बसेपर्यंत म्हणत राहतो. त्रास झाला तर भिंतीवर एकदा ठोका, मी थांबेन. खाली नाव, आणि जागा उरली म्हणून की काय, एक गिटार काढलेली. ती गिटारीपेक्षा भोपळ्यासारखीच जास्त दिसत होती.

मी कधी ठोकलं नाही. उलट पुढे अशी सवय लागली की दुपारी पलीकडून आवाज आला नाही तर पोळ्या लाटता लाटता माझं लक्ष भिंतीकडे जायचं.

याप आजोबा तेव्हा सत्तरीचे. इतके उंच की दार केवढंही असो, मान वाकवूनच आत यायचे. गळ्यात तारेला अडकवलेलं माउथ ऑर्गन, कानावर सुताराची चपटी पेन्सिल. गोल पेन्सिल ते वापरायचे नाहीत. आयुष्यभर कालव्यावरच्या पुलाची राखण केलेला माणूस. बोट आली की रस्ता बंद करायचा, पूल वर घ्यायचा, बोट गेली की खाली. "गोल पेन्सिल गडगडते आणि पाण्यात जाते," ते म्हणायचे. पुलावरची नोकरी सुटून दहा वर्षं झाली होती, तरी पेन्सिल चपटीच.

पूल वर असताना दोन्ही बाजूंना माणसं अडकून पडतात, आणि अडकलेला माणूस बोलतो, हा त्यांचा अनुभव. खिडक्या पुसणारा, दाई, दूध नेणारा, भांडून घर सोडून निघालेली बाई. त्या सगळ्यांची त्यांनी गाणी केली. चाल अमेरिकेकडच्या जुन्या गाण्यांची, तीन-चार सूर, घोड्याच्या चालीसारखी गिटार, मध्ये माउथ ऑर्गन. पण गाण्यातलं गाव हेच, आल्मेरे. आमच्याकडे पोवाडा असतो तो मोठ्या माणसाचा. याप आजोबांचा पोवाडा खिडक्या पुसणाऱ्याचा, आणि त्यात त्याची शिडी किती फुटी, तेसुद्धा असायचं.

"या गावाला जुनं गाणंच नाही," ते मला सांगायचे. "मी मिसरूड फुटलेला पोरगा होतो तेव्हा तुझ्या या स्वयंपाकघरात मासे पोहत होते, साफीता. समुद्र हटवला, जमीन केली, घरं बांधली. गाणी बांधायची राहिली." मी सविता. पण त्यांच्या तोंडातली साफीता मला आवडायची. ती सवितापेक्षा जरा धीट वाटायची.

अमेरिकेला ते कधी गेले नव्हते. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी तिकडच्या कोळशाच्या खाणीवर एक लांबलचक गाणं रचलं होतं. बंदरावरच्या एका कॅफेत म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कोपऱ्यातला एक अमेरिकन खलाशी उठून जवळ आला. त्याचा बाप खाणीत होता. तो म्हणाला, "तुझ्या गाण्यात खाणकामगार गात गात खाली जातात. खाली जाताना कुणी गात नाही, पोरा. सगळे गप्प असतात. तू कुणाला विचारलंस?"

ही गोष्ट सांगताना याप आजोबांचे कान अजून लाल व्हायचे. "कुणालाच विचारलं नव्हतं," ते म्हणायचे.

तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. ज्याचं गाणं, त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन त्याला आधी ऐकवायचं. दर कडव्यानंतर थांबायचं आणि विचारायचं, "क्लॉप्ट?" म्हणजे, बरोबर आहे? तो हो म्हणाला तर पुढे. नको म्हणाला तर ते गाणं संपलं. कुठेही, कधीही म्हणायचं नाही. "गाणं म्हणजे दुसऱ्याची सायकल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "विचारून घ्यायची, आणि परत देताना हवा भरून द्यायची."

माझी डच भाषा सुधारली ती त्यांच्यामुळे. डच शिकवायच्या वर्गात जायचं म्हटलं की मी काहीतरी कारण काढून टाळायची. त्यांनी ओळखलं असावं. एक दिवस म्हणाले, "मला गिटार आणि चाल लिहिलेली वही दोन्ही धरून सायकल चालवता येत नाही. वही धरायला येशील?" मी इरेला मागच्या सीटवर बसवून त्यांच्या मागून जायची. लोकांच्या स्वयंपाकघरात बसायची, काही न बोलता. कॉफी यायची, बिस्किटांचा डबा उघडायचा, प्रत्येकाला एक बिस्किट, आणि डबा टप्पकन बंद. पहिल्यांदा मला वाटलं, आपलं काही चुकलं. बाहेर आल्यावर याप आजोबा म्हणाले, "चुकलं असतं तर डबा उघडलाच नसता."

बेकरीच्या गल्ल्यावरच्या त्रूसबाईंच्या घरचा दिवस मला कालच्यासारखा आठवतो. त्यांचा भाऊ तरुणपणी कॅनडाला गेला आणि त्याने परत पत्र पाठवलं नाही, त्यावर याप आजोबांनी अख्खा हिवाळा घालवला होता. मी भिंतीतून त्याची प्रत्येक ओळ शंभर वेळा ऐकलेली. त्यांनी ते म्हटलं. त्रूसबाई दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवून बसल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "फार सुंदर आहे. नको."

"बरं," याप आजोबा म्हणाले.

बस, एवढंच. मग त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्रूसबाईंनी डबा दुसऱ्यांदा उघडला, आणि या देशात ही केवढी मोठी गोष्ट आहे ते मला एव्हाना कळत होतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "वाईट नाही वाटलं? एवढे महिने गेले."

"वाटलं ना. पण सायकल तिची."

घरी आल्यावर त्यांनी तो कागद कपाटावरच्या एका पत्र्याच्या डब्यात घातला. "हा 'नको'चा डबा," म्हणाले. "माझी सगळ्यात चांगली गाणी यात आहेत." मी म्हटलं, मला एखादं दाखवा ना. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत कधी मागितलं नाही.

तर अशा माणसाशी मी खोटं बोलले.

झालं असं की एकदा चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, वर्गाला तू एवढी का घाबरतेस? मी माझं नेहमीचं उत्तर दिलं. मी शाळा फार शिकले नाही. नववीत आप्पांनी, माझ्या वडिलांनी, शाळेतून काढलं. घरची परिस्थिती नव्हती. हे उत्तर मी इतकी वर्षं देत आले होते की तोंडातून आपोआप यायचं. ऐकणारे 'अरेरे' म्हणायचे आणि विषय संपायचा. याप आजोबांचा विषय मात्र अरेरेने संपत नसे. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. शेवटच्या दिवशी वडील काय म्हणाले? पुस्तकांचं काय केलं? आता काय सांगणार? मी म्हटलं, पुस्तकं माळ्यावर टाकली. माळ्यावर कसं चढायचं? शिडीने. मग शिडी? तोंडाला आलं ते बोलले, "शिडी काढून घेतली."

चार-पाच महिन्यांनी एका शनिवारी ते गिटार घेऊन आमच्या दारात. "एक तयार आहे," म्हणाले. "तुझं. स्वयंपाकघरात येऊ?"

संदीप घरी होते. इरा एव्हाना नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये. आम्ही तिघं ओट्याला टेकून उभे, आणि याप आजोबा खुर्चीवर. लांबच्या देशातली एक मुलगी, तिचा बाप, माळ्यावरची पुस्तकं. बाप शिडी काढून नेतो आणि मुलगी खालून वर बघत मोठी होते. गाणं चांगलं होतं हो. इरा रडायला लागली. संदीपनीसुद्धा चष्मा काढला.

"क्लॉप्ट?" याप आजोबांनी विचारलं.

मी म्हणाले, "हो."

ते खूश होऊन गेले. तीन आठवड्यांनी वस्तीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी त्यांची बैठक होती, तिथे म्हणणार होते. ते गेल्यावर संदीप म्हणाले, "खरं सांगू? तुझ्या आप्पांना मी मनातून कधी माफच नाही केलं. स्वतः शाळेत शिपाई. फी माफ. आणि मुलीला घरी बसवलं. म्हणून मला त्यांच्याशी फोनवर बोलावंसंच वाटत नाही."

अकरा वर्षं मी समजत होते की यांना फोनवर बोलायचा कंटाळा आहे.

खरं काय होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आप्पा आमच्याच शाळेत शिपाई. व्हरांड्यात रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, त्यावर लोखंडी गजाने टोल द्यायचं काम त्यांचं. नववीत बाईंनी मला उभं राहून धडा वाचायला सांगितला. माझा आवाजच फुटेना. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून सकाळ झाली की मला उलट्या. आप्पा मला फाटकापर्यंत सोडायला यायचे, मी तिथून माघारी. त्यांनी हेडसरांना सांगून मला फळ्याजवळ बोलवायचं बंद करवलं. माझा बाक दाराशी घेतला, म्हणजे व्हरांड्यातल्या स्टुलावर बसलेले ते मला दिसतील. तरी मी गेले नाही. मारलं नाही, कुणी ओरडलंसुद्धा नाही. मीच सोडली शाळा.

आणि संदीपच्या घरचे मला बघायला आले, सासूबाईंनी विचारलं, नववीतनं का काढलं हो मुलीला, तेव्हा आप्पा हात जोडून म्हणाले, "परिस्थिती नव्हती आमची. चूक माझीच." पोरगी घाबरट आहे, असं कुणी म्हणू नये म्हणून. मी दाराआड उभी होते. मी तेव्हाही गप्प बसले.

आता ते खोटं गिटारीवर बसलं होतं. भिंतीतून रोज ऐकू यायचं, शिडी, शिडी, शिडी. आणि शिडी नेणारे म्हणजे माझे आप्पा. दहा-बारा दिवस मी सहन केलं. एके दुपारी कणीक भिजवता भिजवता उठले आणि पिठाच्या हातानेच भिंतीवर ठोकलं. एकदा.

गाणं थांबलं. मी गेले तेव्हा ते दार उघडून उभेच होते. मी म्हणाले, "क्लॉप्ट निट. बरोबर नाहीये ते. मी खोटं बोलले." आणि रडत, अडखळत, डच नाही सुचलं तिथे इंग्रजीत आणि तेही नाही सुचलं तिथे मराठीत, सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस आपल्याला दार बंद करून टाकेल. त्यांच्यासमोर खोटं म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

त्यांनी गिटार भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "शिडी गेली म्हणजे."

"हो."

"वाईट झालं. चांगली शिडी होती." आणि कानावरची पेन्सिल काढून म्हणाले, "बस. टोल कसा द्यायचे ते सांग."

संदीपना मी त्याच दिवशी सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. "मग त्यांनी आमच्यासमोर तसं का सांगितलं?" त्यांचं त्यांनाच कळलं. ताटातला भात त्यांनी तसाच ठेवला. "अगं, मी दिवाळीलासुद्धा दोन मिनिटांत फोन ठेवतो त्यांचा," एवढंच म्हणाले.

नवं गाणं झालं. पण याप आजोबा म्हणाले, यात दोन माणसं आहेत, दुसऱ्यालाही विचारायला हवं. झालं. बैठकीच्याच रविवारी सकाळी आमच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केला. पलीकडे बार्शीजवळच्या आमच्या घरात आप्पा, चुलीकडच्या भिंतीला टेकून, नवी टोपी घालून. अलीकडे याप आजोबा. मध्ये मी. एक कडवं झालं की ते थांबायचे, मी मराठीत सांगायची, सगळ्यांसमोर, मोठ्याने. गाण्यात एक माणूस रोज सकाळी चारशे पोरांसाठी टोल देतो आणि एका पोरीसाठी फाटकाकडे बघतो.

"क्लॉप्ट?" याप आजोबा फोनजवळ वाकून म्हणाले.

"काय म्हणत्यात?"

"बरोबर आहे का विचारतात, आप्पा."

आप्पांनी टोपी सारखी केली. "तेवढं फाटकाचं बरोबर न्हाई."

मी फोनजवळ सरकले.

"फाटकाकडं न्हाई बघायचो मी. पोरांनी वळखलं असतं, तुला हसली असती. घड्याळाकडं बघायचो. तीन मिन्टं उशिरा द्यायचो टोल."

"कशाला?"

"आगं, तू निघाली असशील आन् वाटंत असशील तर? टोल ऐकून माघारी फिरली असतीस."

"हेडसर रागवायचे नाहीत?"

"ते त्यांचं घड्याळ मागं करून ठेवायचे. चांगला माणूस."

"किती दिवस केलं असं?"

"सवयच पडली की. रिटायर होस्तवर."

संदीप ओट्याकडे तोंड करून उभे राहिले. मी हे डचमध्ये सांगायला तोंड उघडलं आणि आवाज गेला. पण या वेळी कुणी हसलं नाही, आणि मी पळाले नाही. इरेने सांगायला सुरुवात केली, तर मी तिचा हात दाबला आणि माझं मीच सांगितलं, सावकाश.

याप आजोबांनी लिहून घेतलं. "ही ओळ मला सात जन्मांत सुचली नसती," म्हणाले. निदान मी त्याचं मराठी तसं करते.

आप्पांनी एकच अट घातली. "नाव माझं घालू द्या. पोरीचं नको म्हणावं, तिला लाज वाटंल."

"काय म्हणाले?" याप आजोबांनी विचारलं.

"म्हणाले, त्यांचंच नाव घाला, माझं नको. पण मी म्हणते, दोघांचंही घाला."

ते गाणं त्यांनी त्या दुपारी हॉलमध्ये म्हटलं, दोन्ही नावांनिशी, आणि त्यानंतरही दोन वर्षं म्हणत राहिले. मग गुडघे गेले, जिना चढवेना. मुलीने ख्रोनिंगनला, तिच्या गावी, खालच्या मजल्यावर त्यांची सोय केली. निघायच्या दिवशी जावयाने व्हॅन आणली. सगळे खोके मागे, पण गिटार त्यांनी मागे ठेवू दिली नाही. पुढच्या सीटवर मांडीवर आडवी घेऊन बसले, त्यामुळे जावयाला गिअर टाकता येईना. दोघांची त्यावरून जुंपली. मी डब्यात थालीपीठं दिली. ते म्हणाले, "भिंतीपलीकडे आता कुणी शांत माणूस आला तर त्याला सांभाळून घे."

तेवढ्यात इरेने माझ्या फोनवरून आप्पांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खिडकीतून याप आजोबांच्या हातात दिला. आप्पांना डच येत नाही, याप आजोबांना मराठी नाही. आप्पा म्हणाले, "जावा सावकाश." ते म्हणाले, "या, या," म्हणजे डचमध्ये हो, हो. मग दोघंही नुसते एकमेकांकडे बघत बसले. जावयाचा गिअर एकदाचा पडला आणि गाडी हलली.

"अगं, तुझा फोन!" संदीप धावणार होते. मी त्यांची बाही धरली.

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली तेव्हा खिडकीतून तो लांबलचक हात बाहेर आला, हातात माझा फोन, पडदा आमच्याकडे. आप्पांना ते आमचं घर दाखवत होते. आप्पांनी ते बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. मी पदराला हात पुसले, पायऱ्या उतरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, म्हणजे मी घरासकट नीट दिसेन, आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले.